तारेवरची तारीख

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्यानं निघालं की खरांगण्याच्या अलीकडे आंजी (मोठी) लागते. रस्त्याच्या कडेनं विजेचे खांब, खांबांपलीकडे कपाशी आणि सोयाबीन, मध्ये मध्ये तुरीचे तास. पावसाळा निम्मा सरला की एखाद्या सकाळी त्या तारांवर कालपर्यंत नसलेले ठिपके दिसतात. जवळ गेलं की ठिपक्यांना चोच फुटते, शेपूट फुटते. पाठ निळसर काळी नि तकतकीत, कपाळ आणि गळा विटकरी. काहींची शेपटी लांब, कात्रीसारखी फाटलेली. काहींची आखूड, गळाही फिका. ती यंदाची पिल्लं. ही माळभिंगरी. ती आली हे गावात बहुतेकांना कळतं. कधी आली, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : "पोळ्याच्या आगंमागं येतेच नं जी ते."

उत्तर खोटं नाही. पण पोळा श्रावण अमावास्येचा. २०२३ साली अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. दोन वर्षांत सण २३ दिवस अलीकडे सरकला. एखाद्या वर्षी भिंगरी पोळ्याआधी आठवडाभर दिसली आणि दुसऱ्या वर्षी पोळा होऊन पंधरवडा गेल्यावर, तर पाखरू बदललं की पंचांग? पाखरांच्या येण्याजाण्याबद्दल आजवर जे बोललं, लिहिलं आणि मोजलं गेलं, त्यातली निम्मी गुंतागुंत या एका प्रश्नात आहे.

या प्रश्नाचं खरं वेड अमेरिकेत. तिथे पर्पल मार्टिन नावाची जांभळट काळी भिंगरी आहे. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला ती आता जवळपास पूर्णपणे माणसानं टांगून दिलेल्या घरांतच अंडी घालते. युरोपातले लोक तिथे जाण्याआधीपासून मूळ रहिवासी वाळलेले भोपळे कोरून खांबाला टांगत. आता परसातल्या उंच खांबावर प्लास्टिकचे भोपळे नाहीतर चाळीसारखी खणाखणांची लाकडी घरं असतात. हिवाळा ही भिंगरी ब्राझीलकडे काढते. फ्लोरिडात ती जानेवारीच्या अखेरीला परत येऊ लागते, कॅनडाच्या बाजूला पोहोचेपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. पहिल्यांदा येतात ते वयानं मोठे पक्षी. लोक त्यांना स्काउट म्हणतात. जणू ते पुढे येऊन जागा बघून जातात आणि मग गोतावळा घेऊन येतात! तसं काही नसतं. आधी पोहोचेल त्याला चांगली खोली मिळते, आणि हे पूर्वी एकदा येऊन गेलेल्यालाच ठाऊक असतं. पहिल्या वर्षाचे पक्षी त्यानंतर कित्येक आठवड्यांनी येतात. म्हणजे 'मार्टिन कधी आले' याला एक तारीख नसतेच. दीडदोन महिने लांबीची एक रांग असते आणि आपण तिच्यातल्या पहिल्या पाखराची तारीख वहीत लिहितो.

१९८७ साली या एका पक्ष्यासाठी पर्पल मार्टिन कॉन्झर्वेशन असोसिएशन स्थापन झाली. परसात खांब रोवलेली माणसं तिला पहिल्या आगमनाची तारीख कळवतात. त्याहून मोलाचं काम कॅनडाच्या ब्रिजेट स्टचबरी यांनी केलं. २००७ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर उजेडाची नोंद ठेवणारी इवली यंत्रं बांधली. त्यातली एक मादी परतीला अॅमेझॉनच्या खोऱ्यातून निघाली आणि साडेसात हजार किलोमीटर तेरा दिवसांत कापून घरी आली. पुढे केव्हिन फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की २०१२ चा वसंत उत्तर अमेरिकेत विक्रमी ऊबदार होता, झाडं-किडे लवकर जागे झाले, पण मार्टिन नेहमीच्याच वेळापत्रकानं आले. त्यांना दक्षिणेत बसून घरची ऊब कळणार कशी?

हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवून आंजीकडे परत येऊ. कारण इथे सगळं उलटं आहे. वसंतात पाखरं परत येतात हे वाक्य आपण पाठ्यपुस्तकांतून इतकं ऐकलं आहे की ते आपलंच वाटतं. विदर्भात वसंत हा निघण्याचा ऋतू. होळी उलटली, पळस झडला, की तारा रिकाम्या व्हायला लागतात. धोबी जातो, शंकर जातो, वटवटे जातात, माळभिंगऱ्याही चैत्र-वैशाखात एकेक करून उत्तरेचा रस्ता धरतात. येण्याचे हंगाम आपल्याकडे दोन, आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. एक मृगाच्या आगेमागे : पावसाबरोबर वीण करायला येणारे. दुसरा आखाडी ते दिवाळी पसरलेला : उत्तरेत वीण उरकून पोट भरायला येणारे. घरटं बांधायला परतणारा पक्षी शोधायचा तर तो पहिल्यात शोधायला हवा. अंगणातल्या तारेवर डोळ्यांत भरणारा असतो तो दुसऱ्यातला. आपल्या बहुतेक लिखाणात हे दोन्ही 'पाहुणे पक्षी' या एकाच गाठोड्यात बांधलेले सापडतात.

दुसऱ्या हंगामाचा क्रम साधारण असा. तुतवार सगळ्यांत आधी. डबक्याकाठी शेपूट वरखाली हलवत चालणारा हा पक्षी जुलैच्या अखेरीस, ऑगस्टात, अजून आपला पाऊस ऐन भरात असतानाच येऊन दाखल होतो. त्याला पाहून कुणी 'हिवाळी पाहुणा' म्हटलं तर डोक्यावरची छत्री हसेल. मग माळभिंगऱ्या. सप्टेंबरात परीट, म्हणजे धोबी, आणि झुडपांत लपून 'चक् चक्' करणारे वटवटे. दसऱ्याच्या आसपास कुंपणाच्या टोकावर बसणारा गप्पीदास. अंगणातल्या लिंबावर गळ्याला तांबूस डाग असलेला एक छोटा माशीमार. बदकं नोव्हेंबरात. हिमालयाच्या डोक्यावरून उडत येणारे पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर ऐन थंडीत. थोडक्यात, सहा महिने हे येणं चालू असतं, आणि शेवटचे येतात न येतात तो पहिले निघायच्या तयारीला लागतात.

ही सारी माणसाच्या डोळ्यांत राहिली ती नावांतून. पळसमैना हे नावच एक नोंद आहे. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना मध्य आशियात वीण उरकून लवकर आपल्या देशात शिरते, पण विदर्भात तिचे थवे लक्षात येतात ते पळस आणि काटेसावर फुलल्यावर, फुलांत चोची बुडवून चेहरे पिवळे करून घेतात तेव्हा. तिचंच दुसरं नाव भोरडी. ते ज्वारीच्या हंगामातलं. मचाणावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला ती भोरडी दिसली, रानातून जाणाऱ्याला पळसमैना. एकाच पाखराची दोन नावं म्हणजे दोन वेगळ्या महिन्यांची साक्ष. पुढे ज्वारी गेली, कपाशी-सोयाबीन वाढलं आणि भोरडी हे नाव तोंडातून उतरत चाललं. पाखरू यायचं थांबलं असं त्यावरून म्हणता येत नाही, राखणदार थांबला.

नावांचा घोटाळाही तितकाच. पाकोळी म्हणजे नेमकं काय, हे चार माणसांना विचारावं. खरी पाकोळी जुन्या देवळाच्या सभामंडपात, स्लॅबच्या कोपऱ्यात थुंकीनं पिसं-काड्या चिकटवून वसाहत करते, बारा महिने राहते आणि तारेवर कधीच बसत नाही. तिचे पाय बसायच्या कामाचेच नाहीत. भिंगरी तारेवर बसते, चिखलाचं घरटं बांधते. बोलण्यात दोघी पाकोळ्या. काही भागांत तर लहान वटवाघळालाही पाकोळीच म्हणतात. "पाकोळ्या आल्या" अशी एखादी जुनी नोंद हाती लागली तर त्यावर सरळ आकडेमोड करायची सोय नाही, ती एवढ्यासाठी.

आता पहिला हंगाम. याच्यावर लोकांचं प्रेम जास्त, म्हणून यातच चुका जास्त. पावश्या घ्या. मे महिन्याच्या तापत्या दुपारी, रात्रीसुद्धा, चढत्या सुरात ओरडत सुटतो. आपल्या कानाला ते "पेरते व्हा" ऐकू येतं, हिंदी मुलखात "पी कहाँ", आणि इंग्रज साहेबाला ते मेंदूज्वराचं नाव वाटलं. ज्याच्या डोक्यात जे असेल ते. पण पावश्या 'येतो' असं म्हणताना जरा थांबायला हवं. त्यातले पुष्कळसे वर्षभर इथेच असतात, थंडीत गप्प बसतात. कोकीळ तशीच. माघात तिचा आवाज नसतो म्हणून ती गेलेली असते असं नाही. चैत्रात आंब्यावर कुहू झालं की आपण म्हणतो, आली. ही येण्याची तारीख नव्हे, ही कंठ फुटण्याची तारीख. दोन्ही मोलाच्या आहेत, पण एकाच रकान्यात भरल्या की दोन्हींचा चुराडा होतो.

नवरंग मात्र खरंच येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो मे-जूनमध्ये मध्य भारतातल्या रानांत वीण करायला उतरतो. वर्ध्याकडच्या बोरच्या जंगलाला हा पाहुणा जवळचा. तो सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी दोन सुरांची शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याचं नाव 'सहा वाजताची चिमणी' अशा अर्थाचं आहे. रात्रीचा प्रवास करताना दमलेला, दिव्यांनी भांबावलेला नवरंग घरात, गच्चीवर, व्हरांड्यात सापडतो. परसात येणाऱ्या पक्ष्याची याहून भरवशाची तारीख मिळणं अवघड. सापडलेल्या पाखराला दिवस असतो, जागा असते, बहुधा फोटोही असतो.

आणि चातक. याच्यावर कवींनी इतकं ओझं लादलं आहे की खाली पाखरू आहे हेच विसरायला होतं. कालिदासाच्या मेघदूतात ढगाच्या सोबतीला चातक आहे, आणि त्या काव्यातला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. वर्ध्याच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, कारण मिराशींनीच वाकाटकांचं प्रवरपूर म्हणजे आपलं धामकाठचं पवनार असंही म्हटलं होतं. काव्यातला चातक पावसाचा थेंब झेलून जगतो. शेतातला चातक केसाळ सुरवंट खातो, आणि अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, पंखावर पांढरा ठिपका. बाभळीच्या शेंड्यावर बसून मंजूळ पण कटकटीचं ओरडणारा. सातभाईंची वीण पावसात जोरात, सुरवंटांचा सुकाळही पावसातच. चातकानं मृगात यावं, यात थेंबाचा काही संबंध नाही. पोट आणि पाळणाघर दोन्ही तेव्हाच तयार असतात.

याच्या येण्याचा शास्त्रीय पाठपुरावा जुना आहे. ह्यू व्हिसलर यांनी १९२८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात भारतभरातल्या नोंदी गोळा करून चातकाच्या स्थलांतरावर लेख लिहिला. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत एक उपजात बाराही महिने राहते; आपल्याकडे आणि उत्तरेत येतो तो आफ्रिकेतून, अरबी समुद्र ओलांडून, नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या पाठीवर. पुढची मोठी उडी २००७ साली. बंगळूरची एनसीबीएस ही संस्था आणि इंडियन बर्ड्स हे नियतकालिक यांनी मायग्रंटवॉच सुरू केलं आणि कुणाही पक्षीनिरीक्षकाला पहिल्या-शेवटच्या दर्शनाची तारीख पाठवायला सांगितलं. चातकावर त्यांनी वेगळी मोहीमच काढली. मग जुलै २०२० मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा देणारी यंत्रं बांधली. एकाचं नाव ठेवलं मेघ, दुसऱ्याचं चातक. शास्त्रज्ञांनाही शेवटी कालिदास सोडवला नाही.

या सगळ्याचं सार शेतकऱ्याच्या कामाचं आहे का? "चातक दिसला, आता पाऊस आलाच" हे मी आंजीतही ऐकलं आहे, आणि ऐकवणारा माणूस चेष्टेत बोलत नव्हता. वारा सुटला तर पाखरू येतं आणि पाऊसही येतो. दोघं एकाच गाडीचे प्रवासी आहेत, म्हणून आगेमागे उतरतात. पण चातक उतरला म्हणजे पेरणीइतका पाऊस चार दिवसांत पडेलच, अशी हमी त्यात नाही. मृगात पहिल्या सरीवर पेरून, पुढे पंधरा दिवसांची उघडीप सोसून दुबार पेरणी करावी लागलेली माणसं या जिल्ह्यात घरोघर सापडतील. पाखराला ती चूक परवडते. त्याला आणखी महिनाभर सातभाईंची घरटी मिळत राहतात.

मार्टिनच्या जवळ जाणारा, घराला चिकटून घरटं करणारा आपला पक्षी कोणता, हा प्रश्न उरतोच. उत्तर जरा निराशेचं : ते पक्षी कुठे जातच नाहीत. खडकाच्या रंगाची, काळपट तपकिरी भिंगरी ही मार्टिनची आपल्याकडची जवळची सोयरी. किल्ल्याच्या बुरुजापासून शहरातल्या इमारतीपर्यंत कुठेही वाटीसारखं घरटं लावते, राहते बारमाही. पुलाखाली राहणारी तारवाली भिंगरी तशीच. धाम नदीच्या खोऱ्यात पुलांना तोटा नाही, आणि पाण्यावर झुकलेली स्लॅब ही तिची पहिली पसंती. नराच्या शेपटीतून दोन बारीक तारा निघालेल्या असतात. लालबुडी भिंगरीला व्हरांड्याचं छत चालतं, पडकी खोली चालते. तिचं घरटं आडव्या सुरईसारखं, तोंडाशी नळी असलेलं.

हे बांधकाम जवळून पाहण्यासारखं असतं. जोडी ओल्या जागेवर उतरते, पंख वर उचलून धरते, पंख चिखलात माखू नयेत म्हणून. चोचीत वाटाण्याएवढी गोळी. गोळी भिंतीला टेकवायची, हनुवटीनं थरथरवत दाबायची, आणि परत. थोडं काम करून थांबतात, कारण खालचा थर वाळल्याशिवाय वरचा धरत नाही. घाई केली तर अख्खी भिंत खाली येते. गवंड्याला हे सांगायला नको. गोळ्या शेकड्यांनी लागतात. एप्रिल-मेमध्ये वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेलेला असताना असा चिखल कुठे असतो? गळक्या नळाखाली, हौदाच्या सांडव्याला, बैल धुतात त्या जागी. नाहीतर पहिल्या पावसापर्यंत थांबायचं. म्हणून या भिंगऱ्यांचं घरटं सुरू होण्याची तारीख एका पुलाखाली आणि दुसऱ्या पुलाखाली महिन्याभरानं वेगळी असू शकते. लोक म्हणतात, "यंदा लवकर परतल्या." परतल्या नसतात, चिखल लवकर मिळालेला असतो.

अंगणात खरोखर तोच पक्षी परततो का, याचं सुंदर उत्तर मुंबईत मिळालं होतं. अंधेरीला जफर फतेहअली यांच्या घराच्या हिरवळीवर एक करडा परीट उतरायचा. त्याच्या पायात कडी घातली, आणि पुढच्या वर्षांत सप्टेंबर लागला की कडीवाला परीट त्याच हिरवळीवर हजर. जंगल, नदी, डोंगर सोडून तेवढाच गवताचा तुकडा! पायात कडी घालण्याचं हे काम बीएनएचएसनं १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं, तेही जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, कारण पाखरांबरोबर रोग येतात का हे संघटनेला जाणून घ्यायचं होतं. त्याआधीची जगातली गाजलेली कडी भिंगरीचीच. १९११ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशायरला घातलेली कडी १९१२ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात मिळाली. तोवर भिंगऱ्या हिवाळाभर तळ्याच्या गाळात झोपून राहतात असं मानणारे शहाणे युरोपात होऊन गेले होते.

पण इतक्या लांबून नेमक्या महिन्यात निघायचं हे पाखराला कोण सांगतं? १९२०च्या दशकात कॅनडात एडमंटनला विल्यम रोवन यांनी जुंको नावाच्या चिमणीसारख्या पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यात ठेवून दिव्यांनी दिवस लांबवला, आणि बाहेर बर्फ असताना आत त्यांच्या अंगात वसंत आला. दिवसाची लांबी हे पहिलं घड्याळ. पुढे जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्यांना वर्षानुवर्षं बारा तास उजेड, बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या खोलीत ठेवलं. तरी ठरावीक काळानं ते रात्री अस्वस्थ होऊन फडफडू लागले. म्हणजे दुसरं घड्याळ अंगातच आहे. उजेड त्याला फक्त वेळ लावून देतो. आपल्या ज्वारीच्या शेतांत उतरणाऱ्या भारीट पक्ष्यांवर विनोद कुमार यांनी लखनौ-दिल्लीत अनेक वर्षं असेच प्रयोग केले. मार्च आला की पिंजऱ्यातला भारीट चरबी चढवतो आणि रात्री जागा राहतो, जाण्याचा रस्ता बंद असला तरी.

आंजीच्या अक्षांशावर वर्षातला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड दिवस यांत सुमारे अडीच तासांचा फरक. सायबेरियात साठ अंशांवर तो बारा तासांहून जास्त. इथे बसलेली भिंगरी दिवसाला मिनिटभरानं वाढणारा उजेड ओळखून निघते, हे थक्क करणारं आहे. आणि त्यातूनच निघणारी गोष्ट लोकांना पटवणं कठीण जातं : पोळ्याच्या सुमाराला ती आंजीत कधी दिसेल हे आंजीतल्या हवेवर ठरत नाही. ते ठरतं तिकडे, हिमालयात किंवा त्याच्या पलीकडे; जूनमध्ये बर्फ किती राहिलं, किडे कधी निघाले, पिल्लांची एक खेप झाली की दोन. आपल्याकडे पाऊस लांबला म्हणून भिंगरी लांबली, हे कारण बहुतेक वेळा चुकीच्या गावाला चिकटवलेलं असतं. चातकाचंही तसंच, त्याची तारीख आफ्रिकेतल्या पावसात आणि समुद्रावरच्या वाऱ्यात शिजते.

मग तारखा बदलताहेत का? युरोपात उत्तर ठोस आहे. नेदरलँड्समध्ये क्रिस्तियान बोट आणि मार्सेल फिसर यांनी २००१ मध्ये दाखवलं की एका माशीमाराच्या गावी वसंत लवकर येऊ लागला, पण आफ्रिकेतून तो जुन्याच वेळेला निघतो. पोहोचल्यावर घाईनं अंडी घालतो, तरी सुरवंटांचा भर हुकतो. २००६ मध्ये त्यांनीच सांगितलं, की जिथे सुरवंट सगळ्यांत लवकर संपतात तिथे हे पक्षी सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले. आपल्याकडे हंगाम हलतो आहे याची एक सरकारी कबुली वेगळ्या दारानं आली. २०२० साली भारतीय हवामान विभागानं मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं लावल्या. केरळात पाऊस येण्याची १ जून तशीच राहिली. वायव्य राजस्थानातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. उत्तरेतून येणारी पाखरं त्याच वाटेनं, त्याच दिवसांत आत शिरतात. त्यांना आता पूर्वीपेक्षा ओला मुलूख भेटतो. त्यानं फायदाच होत असेल, निदान किड्यांच्या हिशेबानं. पण वर्ध्याच्या कपाशीत त्या दिवसांत फवारण्या जोरात असतात, आणि उडता किडा पकडून जगणाऱ्या पाखराचं ताट तेवढ्यानं रिकामं होतं, असं मला वाटतं.

मोजमापाकडे येऊ, कारण इथेच सगळं अडतं. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालासाठी ९४२ जातींचा विचार झाला, तीस हजारांवर निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. हे भारी काम आहे. पण पहिल्या दर्शनाच्या तारखेला एक खोड असते. पाहणारे वाढले की पाखरू 'लवकर' येऊ लागतं. गावात एक माणूस तारांकडे बघत असेल तर त्याला भिंगरी दिसेल तो दिवस, आणि पन्नास माणसं बघत असतील तर त्यांतल्या सगळ्यांत नशीबवान माणसाला दिसेल तो दिवस, या दोन्हींत सहज आठवड्याचा फरक पडतो. पाखरानं मात्र काहीच केलेलं नसतं. नोकरदार निरीक्षक रविवारी बाहेर पडतात, म्हणून पुष्कळ पक्षी रविवारी 'येतात'. यावर उपाय जुनाच आहे : पहिल्या पाखराऐवजी निम्मे आले तो दिवस धरायचा. त्यासाठी रोज मोजावं लागतं. आणि नसतील त्या दिवशीही लिहावं लागतं.

हे शेवटचं कुणी करत नाही. मीही करत नव्हतो. माझ्या जुन्या वह्यांत 'आज माळभिंगरी, अकरा' असं मोठ्या अक्षरात आहे. त्याच्या आधीच्या आठ दिवसांची पानं कोरी. मी त्या दिवसांत रस्त्यावर गेलो होतो का, वर पाहिलं होतं का, काही कळायला मार्ग नाही. त्या अकरा भिंगऱ्या आदल्या आठवड्यापासून तिथे बसल्या असतील तरी माझी वही त्यांना आजच आल्या म्हणणार.

२०२५ च्या श्रावणात मी रोज सकाळी दूध आणायला जाताना बसस्टँडपासून पुढचे वीस खांब मोजायचं ठरवलं. दूधवाल्याला वाटलं मी वीज मंडळाचा माणूस झालो. "कायले मोजता गुरुजी खांब? वाढले का कमी झाले?" त्याला खरं कारण सांगितलं, तर तो म्हणाला, पाखरं तर कधीचीच आली, तुमीच आत्ता पाहून राहिले. पोळ्याच्या दिवशी, २२ ऑगस्टला, बैलांच्या शिंगांना रंग चढत होता आणि तारांवर कोतवाल होते, होले होते, एक वेडा राघू होता. वहीत लिहिलं : वीस खांब, माळभिंगरी शून्य. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत निघाली तेव्हाही शून्य. त्यानंतरची पाच पानं तशीच, रोज एक शून्य. सहाव्या दिवशी सतराव्या खांबावर तीन.